पाणी पुसलं होतं का

सूक्ष्मदर्शकातून डोळे न काढताच मॅडमनी विचारलं, "काका, हा तुकडा कुणाचा?" जिन्यात सापडलेला हातरुमाल वर धरून विचारावं, तितक्या सहज. मॅडमच्या सूक्ष्मदर्शकाला दोन तोंडं होती. एक त्यांच्यासाठी आणि समोरचं, ज्याला त्या दाखवतील त्याच्यासाठी. त्याने समोरच्या स्टुलावर बूड टेकलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि आत पाहिलं. आत एक गुलाबी मैदान होतं. त्यावर जांभळे ठिपके, अंतर राखून, शाळेच्या कवायतीला उभे केल्यासारखे. मैदान संपलं की कोरी काच, आणि त्या कोऱ्या काचेत पार एका बाजूला एक चिमुकलं बेट. बेटावरचे ठिपके मोठे, काळपट, एकमेकांच्या उरावर बसलेले. तो डॉक्टर नव्हता, मांस कापून रंगवून देणारा होता. पण आयुष्यभर आचाऱ्यांच्या संगतीत राहिलेल्याला मीठ जास्त पडलेलं कळतंच. "मारामारी दिसतेय," तो म्हणाला. "मारामारी आहेच," मॅडम म्हणाल्या. "पण घरातली आहे की शेजारची, ते तुम्ही सांगायचंय. ह्या ठोकळ्याच्या आधी काय कापलं होतंत?" "जीभ." "जिभेत हेच होतं?" "पोतंभर." मॅडमनी आता डोळे वर केले. "मग मधे पाणी पुसलं होतं का?"

हो म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

पाणी पुसणं हा त्या खोलीतला शब्द होता, बाहेर कुणाला कळायचा नाही. घरी एकदा तो म्हणाला होता की आज दिवसभर पाणी पुसून हात दुखले, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, पाण्याने पुसतात. पाणी कसं पुसतात?" त्याने समजावून सांगितलं होतं. मेणात बसवलेल्या मांसाचा ठोकळा यंत्रावर लावायचा, चाक फिरवायचं, की पात्याखालून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकत्या निघतात, एकीला एक चिकटून, फितीसारख्या. ती फीत कोमट पाण्याच्या पसरट भांड्यावर अलगद सोडायची. पाण्यावर ती सुरकुत्या सोडते, इस्त्री केल्यासारखी सपाट होते. मग काच खाली बुडवून तिला वर उचलायचं. पण उचलताना एखादा कण पाण्यावर मागे राहतो. दिसत नाही, बोलत नाही, तरंगत असतो. पुढच्या माणसाची फीत आली की तिच्या काचेवर चढून बसतो. म्हणून दर ठोकळ्यानंतर कागदाची पट्टी पाण्यावरून फिरवायची. एका माणसाचं दुसऱ्या माणसात जाऊ नये म्हणून. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्याकडे लग्न करून दिलं की एकाचं दुसऱ्यात जातंच. तिथे कुणी पाणी पुसत नाही."

आता त्याने मॅडमसमोर बसल्या बसल्या कालची सकाळ डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. जीभ आठवली. तिचा ठोकळा घट्ट होता, चाकाची कुरकुर ऐकू येत होती. नंतर दुसरा ठोकळा आठवला, त्यातला राईएवढा दाणा आठवला. दोन्हींच्या मधे भांड्यातलं पाणी आठवलं, काळं, स्थिर, खिडकीची चौकट पोटात घेऊन पडलेलं. पण त्या पाण्यावर हात फिरतोय असं काही केल्या दिसेना. आणि दिसलं, तेव्हा इतक्या वेळा दिसलं की त्यातलं कालचं कोणतं ते कळेना. त्याच्या हाताने पाणी इतक्यांदा पुसलं होतं की आठवणींचा एकच जाड थर झाला होता, आणि त्यातून कालची एक चकती वेगळी काढणारं यंत्र अजून कुणी बनवलेलं नव्हतं. "इतकी वर्षं करताय काका," मॅडम थोड्या मऊपणाने म्हणाल्या. "हात आपोआप पुसतोच ना?" "हात पुसतो मॅडम," तो म्हणाला. "पण हात मला कळवत नाही."

राईएवढा दाणा ज्या गळ्यातून आला होता, तो गळा इमारतीत सगळ्यांना ठाऊक होता; चेहरा कुणालाच नाही. तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत एक बाई मायक्रोफोनसमोर बसत आणि प्रत्येक मजल्याच्या छतातल्या जाळीतून त्यांचा आवाज येई. अमुक डॉक्टरांनी शस्त्रक्रिया विभागात यावे. पांढऱ्या गाडीच्या मालकांनी आपली गाडी रुग्णवाहिकेच्या वाटेतून हलवावी. प्रत्येक सूचना दोनदा. पहिल्यांदा कामासाठी आणि दुसऱ्यांदा, त्याला नेहमी वाटे, ऐकणाऱ्याच्या सुखासाठी. सगळे त्यांना आकाशवाणी म्हणत. त्यांना कधी पाहावं असं त्याच्या मनात आलं नव्हतं. देवाला भेटून काय करायचं, तो गाडी हलवा म्हणाला की हलवायची. तो चाक फिरवत असे, फीत पाण्यावर उतरत असे आणि वरून तो आवाज उतरत असे, मेणासारखाच, ना थंड ना गरम. कुणाचा बाप गेलेला असो की कुणाची छत्री सापडलेली असो, तापमान तेच. गेल्या हिवाळ्यात त्या आवाजाला कड आली. मग खरखर आली. मग एके दिवशी छतातून नुसती घंटा वाजली आणि कुणा पुरुषाने घाईघाईत काहीतरी एकदाच वाचून टाकलं. तेव्हा पाण्यावरची फीत त्याच्या हातून वाकडी उतरली होती, एवढं मात्र त्याला आठवत होतं. हातालाही काय आठवावं याची अक्कल नसते.

मॅडमनी परिस्थिती मांडली. त्या कधीही आवाज चढवत नसत. बाकीचा दाणा निर्मळ होता, नुसती बोलून बोलून आलेली गाठ. बेट बाईंचंच असेल तर सर्जनला आजच कळवायला हवं. मग गळ्याचं जे व्हायचं ते होणार, आणि त्यात आवाज वाचेलच असं नाही. बेट उपरं असेल तर बाईंनी महिनाभर गप्प बसायचं आणि कामावर यायचं. पुन्हा तुकडा काढा म्हणावं, तर स्वरतंतू म्हणजे काही साबणाची वडी नाही. सर्जनने आधीच सांगितलं होतं की आणखी खरवडलं तर उरलेला आवाजही खरवडून येईल. असल्या कणाची जात-कुळी सांगणारी यंत्रं जगात कुठे कुठे आहेत म्हणतात. इथे ती नव्हती. इथे काका होते. "ठोकळ्यात किती उरलंय?" मॅडमनी विचारलं. "नखाच्या मळाएवढं." "मग ते सगळं कापा. एकही चकती वाया नको. आणि तोवर आठवून बघा." आठवून बघा, हे त्या अशा सुरात म्हणाल्या की जणू आठवणही कुठल्या फडताळात ठेवलेली असते आणि तो नुसता आळस करत होता.

त्याने ठोकळा बर्फावर ठेवला. थंड झाल्याशिवाय मेण नीट कापलं जात नाही, तेव्हा वाट पाहणं हाही कामाचाच भाग होता, आणि या भागात तो तरबेज होता. बाजूच्या टेबलावर आचारी डबे लावत होता. आचारी म्हणजे त्याचा जोडीदार, त्याच्याच वयाचा, ज्याच्याकडे मांस शिजवण्याचं खातं होतं. शिजवणं हाही त्या खोलीतलाच शब्द. माणसातून आलेला तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये पडून राहतो, म्हणजे तो कुजायचं थांबतो आणि आहे तसा राहतो, सेवानिवृत्तांसारखा. मग त्यातलं पाणी काढायचं. त्यासाठी अल्कोहोल, पण पहिल्याच घोटाला कडक दिलं की तुकडा आक्रसतो, म्हणून आधी पातळ, मग जरा घट्ट, मग निव्वळ. ही शिस्त आचाऱ्याने आपल्या मेव्हण्याला अनेकदा समजावली होती, उपयोग झाला नव्हता. मग झायलीन येतं आणि अल्कोहोलला हाकलतं. मग वितळलेलं मेण येतं आणि झायलीनला हाकलतं. प्रत्येक जण आधीच्याला घालवून बसतो आणि शेवटी जिथे पाणी होतं तिथे मेण असतं, आकार तोच, माणूस तोच, फक्त आत ओलावा नाही. तो कधी कधी घरी जाताना बसमधल्या चेहऱ्यांकडे पाही आणि कोण कुठल्या डब्यापर्यंत पोचलंय ते मनाशी ठरवी. स्वतःचा डबा मात्र त्याने कधी पाहिला नव्हता. आज पहिल्यांदा त्याला आत काहीतरी ओलं आहे असं जाणवलं, आणि ते त्याला गैरसोयीचं वाटलं.

"सांगून टाक ना, नाही पुसलं म्हणून," आचारी झाकणं लावता लावता म्हणाला. भिंत पातळ होती, त्याने सगळं ऐकलं होतं. "बाईचा गळा वाचेल."

"आणि तुकडा तिचाच असला तर?"

"मग सांग, पुसलं म्हणून."

"आणि नसला तर?"

आचाऱ्याने हात पुसले. "तू ना, जन्मायच्या वेळीसुद्धा दारात उभं राहून विचार केला असशील. आत जाऊ की बाहेर येऊ."

हे बायकोच्या म्हणण्याशी जुळत होतं. रोज सकाळी कोपऱ्यापर्यंत गेल्यावर तो परत येई आणि कुलूप ओढून पाही. कुलूप नेहमी लावलेलं असे. तिथून निघताना मात्र पुन्हा शंका येई, की ओढून पाहताना निघालं तर नाही? शेवटी बायकोने तोडगा सांगितला होता: "कुलूप लावलं की त्यावर हात ठेवा आणि मोठ्याने म्हणा, लावलं. कानाने ऐकलेलं विसरत नाही माणूस." त्याने काही दिवस तसं केलं. समोरच्या बिऱ्हाडातल्या आजीबाई दार उघडून विचारू लागल्या, "काय लावलंत?" तेव्हा सोडून दिलं. पण कुलपाशी परत जाता येतं, हा मुद्दा होता. कालच्या पाण्याशी परत कसं जाणार? ते तर संध्याकाळीच मोरीत ओतलं होतं. कुठल्या नाल्यातून कुठल्या नदीत, सोबत आणखी कुणाकुणाचे कण घेऊन, आता ते निवांत निघालं असेल, आणि त्याला कुणी काही विचारत नव्हतं.

बर्फावर ठोकळ्याच्या कडेला दंव धरलं. ते पाहता पाहता त्याला वडील दिसले, शेवटच्या वर्षातले, खिडकीशी बसलेले. वडील शिंपी होते. डोकं सगळं सोडून गेलं तरी हात कामावर येत राहिले. समोर ना कापड ना सुई. ते हवेतून दोरा उचलायचे, जिभेने ओला करायचे, डोळे बारीक करून सुईत ओवायचे आणि ओवला की चेहरा उजळायचा. गाठ मारायचे. टाके घालायचे, एका रेषेत, घट्ट. शेवटी दोरा दाताने तोडायचे, तेव्हा तो तुटल्याचा आवाज यायचा असं तो आजही शपथेवर सांगेल. आणि मग मान वळवून विचारायचे, "जेवलो का रे मी?" तो म्हणे, "जेवलात बाबा." की ते तृप्त होऊन पोटावरून हात फिरवत. एकदा घाईत तो म्हणाला, "नाही अजून," आणि वडील भुकेने कासावीस झाले. नुकतंच ताट उचललं होतं, तरी खरंच कासावीस झाले, आणि पुन्हा जेवले, आणि रात्रभर पोट धरून बसले. तेव्हा त्याला गंमत वाटली होती. आता वाटलं, आपण पुसलं म्हणालो की बाईंच्या गळ्यात रोग, नाही म्हणालो की बाई ठणठणीत. त्याच्या तोंडातून निघेल ते त्यांच्या पोटात जाणार. आणि त्याला स्वतःला जे विचारायचं होतं, पुसलं का रे मी, त्याचं उत्तर देणारं कुणी खिडकीशी नव्हतं.

ठोकळा त्याने यंत्रात बसवला. नखाच्या मळाएवढं मांस पांढऱ्या मेणात राखाडी दिसत होतं, धुक्यात कुणी दूर उभं असावं तसं. फार थंड ठोकळ्याची चकती तडकते, म्हणून कापण्याआधी त्यावर श्वास सोडायचा असतो. फुंकर नाही, फुंकर थंड असते. आरशावर वाफ धरताना सोडतो तसा, घशाच्या तळातून, आवाज नसलेला हा. त्याने वाकून श्वास सोडला आणि त्याला वाटलं, इतकी वर्षं त्यांचा आवाज छतातून त्याच्यावर पडत होता, आज पहिल्यांदा त्याचा श्वास त्यांच्या गळ्यावर पडतोय. हा विचार बरा नव्हता. पन्नाशी ओलांडलेल्या, संसारी माणसाने मेणाकडे पाहून असा विचार करू नये. त्याने चाक फिरवलं. पहिली चकती आली, तिला चिकटून दुसरी, आणि फीत पात्यावरून उतरू लागली, प्रत्येक चौकोनात तोच एक राखाडी ठिपका, चित्रपटाच्या रिळावर एकच माणूस पुन्हा पुन्हा काही न करता उभा असावा तसा. तो श्वास रोखून होता. या कामात श्वास सोडायची एक वेळ असते आणि रोखायची दुसरी, चुकली तर माणूस उडून जातो. ठिपका लहान लहान होत गेला. मग मेणात नुसतं मेण उरलं. बाई संपल्या, तो मनात म्हणाला आणि दचकला.

फीत पाण्यावर सोडण्याआधी त्याने पाणी पुसलं. पुसताना स्वतःच्या हाताकडे पाहत राहिला. हात अनोळखी माणसाच्या आत्मविश्वासाने कागदाची पट्टी एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे घेऊन गेला, खिडकीची चौकट सुरकुतली आणि पुन्हा जुळली. इतकं सोपं होतं. इतकं सोपं असतं म्हणूनच आठवत नाही. काचा उचलल्या, वाळवल्या, मेण वितळवून धुतलं आणि आता उलटा प्रवास: झायलीन, कडक अल्कोहोल, पातळ अल्कोहोल, पाणी. गेलेला ओलावा परत आला. मग हिमॅटॉक्सिलिनची निळाई. ती आधी तांबूस दिसते आणि वाहत्या नळाखाली हळूहळू निळी होत जाते, खोटं बोललेला माणूस हळूहळू खरं बोलू लागावा तशी. शेवटी इओसिनचा गुलाबी. या गुलाबीने त्याची बोटं कायमची रंगलेली होती. वाण्याकडे, बँकेत, सगळीकडे लोक बोटांकडे पाहत आणि मग त्याच्या वयाकडे. नळाशी उभं राहून निळं होण्याची वाट पाहताना त्याच्या लक्षात आलं की आपण काहीतरी मागतोय. देवाकडे नाही, तिथे त्याची फार ओळख नव्हती, नळाकडेच म्हणा. आपण काल पाणी पुसलेलं नसावं, एवढंच तो मागत होता. साऱ्या इमारतीत ज्याचं पाणी आरशासारखं म्हणून नवशिक्यांना आणून दाखवत, तो माणूस आपण गबाळे ठरावं म्हणून हात जोडल्यासारखे नळाखाली धरून उभा होता.

मॅडमनी नव्या स्लाईड एकामागून एक पाहिल्या. समोरच्या तोंडातून तोही पाहत होता. मैदान, मैदान, मैदान, कवायत, शिस्त. बेट कुठेच नाही. "स्वच्छ," मॅडम म्हणाल्या, पण त्यांच्या पेनाचं टोपण निघालं नाही. "म्हणजे एक तर ते बेट बाईंचं नव्हतंच, नाहीतर होतं तेवढं कालच्या चकतीत संपलं. आठवलं का काही?"

हो किंवा नाही. दोन्ही शब्द त्याच्या जिभेवर तरंगत होते, आणि कुठलाही काचेवर चढून बसला असता. "नाही मॅडम," तो म्हणाला. "म्हणजे, नाही पुसलं असं नाही. आठवत नाही, असं. पुसलं नसावं असं फार वाटतंय, पण ते मला वाटतंय. त्याला काही अर्थ नाही."

मॅडमनी पेन बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "जिभेची कालची स्लाईड आणा बरं."

त्याने ती आणली. मॅडमनी ती आधी सूक्ष्मदर्शकाखाली घातलीच नाही. खिडकीच्या उजेडात धरली. जिभेची चकती मोठी होती, नखाएवढी, गुलाबी-जांभळी. एका कडेला तिचा कोपरा तुटलेला होता. त्यांनी दुसऱ्या हातात बेटाची स्लाईड धरली, मग दोन्ही आळीपाळीने भिंगाखाली घातल्या, फिरवल्या, पुन्हा घातल्या. त्याने समोरून पाहिलं. बेटाला एक आखात होतं, वाकडं, आकड्यासारखं. जिभेच्या तुटक्या कडेला तसाच आकड्यासारखा एक सुळका होता. त्याला वडिलांचं टेबल दिसलं, कापडातून निघालेली बाही आणि खाली उरलेलं कातरण. लहानपणी तो ती कातरणं उचलून पुन्हा कापडाच्या भोकात बसवायचा आणि बसली की त्याला वाटायचं, आता कुणी काही कापलेलंच नाही.

"बसतंय," तो म्हणाला.

"बसतंय," मॅडम म्हणाल्या. त्यांनी टोपण काढलं. "काका, तुम्ही पाणी पुसलं नव्हतं."

"नव्हतं," तो म्हणाला. बक्षीस घेताना माणूस जसं ओशाळून हसतो, तसा हसला. पाणी अजूनही आठवत नव्हतं. हात अजूनही काही बोलत नव्हता. पण आता त्याची साक्ष लागणार नव्हती.

"मला हे वर कळवावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "खुलासा मागतील तुमच्याकडे."

"मागू देत की."

"हसताय काय काका? कारवाई होऊ शकते."

"हसत नाही मॅडम," तो म्हणाला, आणि चेहरा गंभीर करायला बाहेर जिन्यात गेला. घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं कुलूप तपासायला परत यायचात, आणि उघडं राहिलं ते तिकडे." मग त्याच्या बोटांकडे बघत म्हणाली, "राहिलं ते बरं झालं म्हणायचं." त्या दिवशी तो फार दिवसांनी गाढ झोपला. स्वप्नात सगळी इमारत कोमट पाण्यावर तरंगत होती आणि सुरकुत्या सोडत होती.

वर कळवलेलं सावकाश वर गेलं आणि सावकाश खाली आलं, फॉर्मॅलिनमधून जाऊन आल्यासारखं. तोवर छतातून घंटा आणि पुरुष, घंटा आणि पुरुष. तो चाक फिरवी, फीत सोडी, पाणी पुसी. पुसलं की भांड्याच्या कडेवर हात ठेवून मोठ्याने म्हणे, "पुसलं." पहिले काही दिवस आचारी पलीकडून ओ देत असे. "अभिनंदन." नंतर त्याने तेही सोडलं.

आणि मग एका सकाळी, फीत पाण्याला नुकती टेकत असताना, छतातली जाळी खाकरली. घंटा वाजली नाही. आवाज आला. थोडा खाली उतरलेला, तळाशी बारीक वाळू असलेला, पण तापमान तेच. ऊतीशास्त्र प्रयोगशाळेतील मुख्य तंत्रज्ञांनी आपला लेखी खुलासा घेऊन अधीक्षकांच्या कार्यालयात ताबडतोब हजर राहावे.

त्याचा हात पाण्यावर तसाच राहिला. फीत सपाट झाली, एकही सुरकुती न ठेवता.

मग तेच वाक्य दुसऱ्यांदा, सावकाश. खुलासा या शब्दावर त्या किंचित थांबल्या, श्वास घेतला आणि पुढे गेल्या. कोणाला बोलावतोय, कशासाठी, त्यांना काय माहीत असणार. शेवटचा शब्द जाळीतून उतरून पाण्यावर विरून गेला तरी तो उठला नाही. न आलेल्या माणसासाठी त्या कधी कधी तिसऱ्यांदाही सांगत.

आचाऱ्याने पलीकडून डोकं काढलं. "अरे, तुलाच बोलावतायत."

"ऐकतोय," तो म्हणाला.